चौदा इंच म्हणजे कुठून कुठपर्यंत: कुडाळजवळच्या एका गणपतीच्या शाळेविषयी

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना, चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या लोककलेसाठी, ओळखले जाणारे पिंगुळी मागे पडल्यावर, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका वाडीत ही चित्रशाळा आहे. आमच्याकडे तिला चित्रशाळा कोणी म्हणत नाही, गणपतीची शाळा म्हणतात. आषाढ-श्रावणात घराघरांतून पाट या शाळेत पोहोचतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसून गणपती घरी येतात. शाळेचे नाव मी लिहीत नाही. शाळेचे मूर्तिकार, म्हणजे मेस्त्री, वर्षाला मोजकेच पाट घेतात, त्यातले बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांचे असतात आणि नाव वाचून गर्दी होऊ नये अशी त्यांचीच इच्छा आहे. तरीही हा अनुभव सविस्तर लिहिण्याजोगा वाटतो, कारण बारीकसारीक गोष्टींचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला या शाळेत ज्या रीतीने वागवले जाते, ती रीत मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

आधीच्या वर्षीचा प्रसंग सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. २०२४ साली आम्ही आमचा पाट तालुक्याच्या गावातील एका मोठ्या कारखान्यात दिला होता आणि चौदा इंची मूर्ती सांगितली होती. मूर्ती घरी आली तेव्हा ती पाटापासून सतरा इंच भरली. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले की चौदा इंच ही मूर्तीची उंची, प्रभावळीची उंची त्यात धरत नाहीत. आमच्या घरी चौरंगाच्या वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, टांगलेली असते, तिला नारळांचा घड, तवसे म्हणजे मोठी काकडी, सुपारीचा घोस असे सगळे बांधलेले असते, आणि प्रभावळीचे टोक नेमके त्या नारळांना टेकले. प्रतिष्ठापनेची वेळ जवळ आलेली असताना सासऱ्यांना शिडीवर चढून माटवीच्या दोऱ्या आखडून घ्याव्या लागल्या. त्याहून मनाला लागलेली गोष्ट म्हणजे मूर्तीचे डोळे. समोर बसून पूजा करणाऱ्या माणसाकडे गणपती पाहतच नव्हता; त्याची नजर सरळ पलीकडच्या भिंतीवर जात होती. मी त्या कारखान्यात चार वेळा जाऊन तोंडी सांगितले होते, दर वेळी वेगळा माणूस भेटला होता आणि एकानेही काही लिहून घेतले नव्हते. मात्र मीही काही लिहून दिले नव्हते, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

२०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आषाढी एकादशीला, ६ जुलै रोजी, मी पाट घेऊन या शाळेत गेले. सोबत आमच्या घरच्या गणपतीचा एक जुना कृष्णधवल फोटो होता. तो सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा असावा. सासूबाई हयात असताना त्या फोटोकडे बोट दाखवून नेहमी म्हणायच्या की आपला गणपती असा असायचा. त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच चतुर्थीला तसा गणपती आणावा, एवढेच माझ्या मनात होते.

मेस्त्रींनी हात पुसले, फोटो दारात उजेडाकडे नेला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "वैनी, ह्या फोटोत डोळे काय दिसणत नाय." त्यांचे म्हणणे खरे होते. समईच्या उजेडात काढलेल्या त्या फोटोत मुकुटाची सावली थेट सोंडेपर्यंत उतरली होती. मी वर्षानुवर्षे जे डोळे त्या फोटोत पाहत होते, ते सासूबाईंच्या बोलण्यातले होते. त्यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांतूनच मला या माणसाची पारख झाली. चौरंग किती उंच आहे? पूजेला बसणारा जमिनीवर बसतो की पाटावर? माटवी जमिनीपासून किती उंचीवर आहे? मूर्तीच्या उजव्या हाताला खिडकी येते की डाव्या? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. घरी फोन करून मोजमापे घेतली तेव्हा कळले की आमचा चौरंग दोन फूट उंच आहे, म्हणजे त्यावर पाट आणि पाटावर मूर्ती ठेवल्यावर मूर्तीचे डोळे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जरा वर येतात. बुबुळ पापणीच्या मधोमध काढले तर नजर डोक्यावरून निघून जाते, किंचित खाली उतरवले तर ती माणसावर येते. आधीच्या वर्षी काय चुकले होते, हे मला त्या क्षणी उलगडले.

या शाळेत प्रत्येक पाटामागे वहीचे एक पान असते. वही मेस्त्रींची सून सांभाळते, कारण मेस्त्रींचे हात दिवसभर मातीत असतात. आमच्या पानावर तिने लिहिले: पाटापासून मुकुटाच्या टोकापर्यंत चौदा इंच, प्रभावळ नाही, सोंड डावीकडे वळून मोदकाला बाजूने टेकलेली, नजर बसलेल्या माणसावर, सोवळे कोकमी, चमकी नको, ऑइल पेंट आणि वॉर्निश नको. प्रत्येक ओळ तिने मला वाचून दाखवली आणि खाली माझी सही घेतली. मूर्तीची किंमत ३,२०० रुपये ठरली, निम्मे पैसे आगाऊ दिले. आमच्या भागात गणपतीच्या पैशांविषयी स्पष्ट बोलणे पुष्कळांना प्रशस्त वाटत नाही. नारळ, पानसुपारी आणि स्वखुशीने दिलेली दक्षिणा अशी जुनी चाल आहे, आणि मला ती मनापासून आवडते. मात्र गिऱ्हाइकाला वेगळे काही हवे असेल, तर त्या वेगळेपणाचे मोल आधी ठरलेले असावे, नाहीतर शेवटी एकाच्या मनात संकोच राहतो आणि दुसऱ्याच्या मनात नाराजी. या शाळेत रक्कम आधी ठरते आणि नारळ-पानसुपारीही राहते.

बदल केव्हा सांगायचे, याचाही येथे नियम आहे. कच्च्या मातीत असताना सांगितलेला बदल विनामूल्य. मूर्ती सुकून पांढऱ्या रंगाचा हात बसल्यावर सांगितलेल्या बदलाचे पैसे पडतात. आखणी झाल्यावर, म्हणजे डोळे काढून झाल्यावर, काहीही बदलले जात नाही. प्रथम हा नियम मला कडक वाटला होता. २७ जुलैच्या रविवारी कच्ची मूर्ती पाहायला गेले तेव्हा त्यामागचे कारण डोळ्यांनी पाहिले. सोंडेचे टोक मोदकाच्या वर आले होते आणि फोटोत ते बाजूने टेकले होते. मी ते दाखवल्यावर मेस्त्रींनी बोटे पाण्यात बुडवली, सोंडेच्या टोकाला ओलावा दिला, अंगठ्याने हळूहळू ते खाली वळवले, सांध्यावर पातळ शाडू फिरवला आणि कोरणीने कडा मोकळी केली. हे सगळे दोन-तीन मिनिटांत झाले. सुकलेल्या शाडूत हेच करायचे तर सोंड कापावी लागते, नवी जोडावी लागते, आणि ओली माती सुकताना आकसत असल्याने तो सांधा हमखास तडकतो. एकच दुरुस्ती एका दिवशी ओल्या अंगठ्याची असते आणि तीन आठवड्यांनी नव्या मूर्तीएवढी होते. चोखंदळ गिऱ्हाइकाने आपला चोखंदळपणा या दिवशी सगळा खर्च करावा. मी त्या दिवशी दीड तास शाळेत बसले आणि कोणी मला घाई केली नाही.

त्याच भेटीत माझे एक चुकले. सोंडेचे काम झाल्यावर मी म्हणाले की चेहरा जरा अधिक प्रसन्न हवा, भुवया थोड्या वर घ्या. मेस्त्रींनी कोरणी खाली ठेवली आणि विचारले, "प्रसन्न म्हंजे नेमका काय?" मला सांगता येईना. मग त्यांनी एका बाजूच्या भुवईवर मातीची बारीक वळी ठेवून ती वर नेऊन दाखवली. गणपती प्रसन्न दिसण्याऐवजी दचकल्यासारखा दिसू लागला. वळी काढून त्यांनी डोळ्यांखाली, गालाच्या उंचवट्यावर, नखाएवढी माती लावून ती चोळून एकजीव केली आणि मला दोन पावले मागे जाऊन पाहायला सांगितले. मला जे हवे होते, ते हेच होते. खटकणारी गोष्ट मी अचूक हेरली होती, पण तिच्यावरचा उपाय चुकीचा सुचवला होता. उंची, सोंडेची दिशा, हातातील आयुधे या गोष्टी गिऱ्हाइकाने आकड्यांत आणि स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. चेहऱ्यावरच्या भावाच्या बाबतीत मात्र काय उणे वाटते तेवढे सांगून थांबावे. भुवई हलवायची की गाल भरायचा, हे ज्याने शेकडो चेहरे घडवले आहेत त्याला ठरवू द्यावे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी व्हॉट्सअॅपवर अकरा निरोप पाठवले. कधी कानांच्या आकाराविषयी, कधी बाजूबंदाविषयी, एकदा तर रात्री अकरा वाजता मूषकाविषयी. मेस्त्रींच्या सुनेने शांतपणे फोन करून सांगितले की सुटे निरोप वहीत येत नाहीत आणि जे वहीत नाही ते मूर्तीत येत नाही. सगळे एकदाच एका कागदावर लिहून आणून द्या, म्हणजे ते पानाला टाचता येईल. कागदावर लिहायला बसले तेव्हा अकरापैकी चारच गोष्टी उरल्या. बाकीच्या सात त्या-त्या वेळच्या हुरहुरीतून आल्या होत्या. बोलण्यातला हा सरळपणा मला मनापासून भावला. गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गप्प राहून, शेवटी स्वतःला हवे तेच करणारे पुष्कळ कारागीर मी पाहिले आहेत.

माझ्या चारपैकी एक मागणी मेस्त्रींनी नाकारली. आशीर्वादाच्या हाताची बोटे अधिक निमुळती आणि सुटी हवीत, असे मी लिहिले होते. शाडूत तशी बोटे टिकत नाहीत; पाट उचलताना बसणाऱ्या एका हिसक्याने ती पेराशी तुटतात. पीओपी काही मिनिटांतच घट्ट होते आणि साच्यातून बारीक बोटेही धड निघतात, म्हणून बाजारातल्या मूर्तींची बोटे तशी असतात. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी पीओपीच्या मूर्ती बनवण्यास मुभा दिली, नैसर्गिक पाणवठ्यांत त्या विसर्जित करण्यास मात्र दिली नाही. आमचा गणपती गावच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, विसर्जित होतो आणि तेच पाणी पुढे लोकांच्या मळ्यांना जाते, त्यामुळे आमच्यापुरता शाडूशिवाय पर्याय नव्हता. मेस्त्रींनी फोटो पुन्हा पुढे केला. जुन्या गणपतीची बोटेही जाड आणि एकमेकांना चिकटलेली होती. फोटोसारखा गणपती मागणाऱ्या मला ती इतक्या वर्षांत दिसली नव्हती.

रंगाची गोष्ट मी सर्वांत जपून ठेवली आहे. वहीत "सोवळे कोकमी" असे लिहिले होते आणि त्यात संदिग्ध असे काही असेल, हे कोकणात राहून माझ्या मनातही आले नव्हते. १७ ऑगस्टला गेले तेव्हा बाहेर पावसाने झोडपून काढले होते. त्या वर्षी पाऊस मेच्या अखेरीसच कोकणात उतरला होता, त्यामुळे माती सुकवण्यासाठी मेस्त्रींना जूनपासूनच पंखे आणि पिवळे बल्ब लावावे लागले होते. त्यांनी मंगलोरी कौलाचा एक तुकडा पुढे ठेवला. त्याच्या पाठीला पांढरा हात देऊन त्यावर चार पट्टे ओढलेले होते: फोडलेल्या ताज्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीसारखा तांबडा, उन्हात दोन दिवस राहिलेल्या सालीचा, सुकलेल्या आमसुलाचा जवळजवळ काळा, आणि सोलकढीच्या रंगाकडे झुकणारा फिका. यांतला तुमचा कोकमी कोणता, असे त्यांनी विचारले. मी ट्यूबलाइटखाली दुसरा पट्टा दाखवला. त्यांनी कौल दारात नेऊन पावसाळी उजेडात दाखवले, तेव्हा तोच पट्टा विटकरीसारखा दिसला. मग त्यांनी दिवा बंद केला, निरांजन लावले आणि कौल त्याच्याजवळ धरले. निरांजनाच्या पिवळ्या उजेडात दुसरा पट्टा फिका पडला आणि तिसरा, आमसुलासारखा काळपट वाटणारा, आतून तांबडा उजळला. आमच्या घरी गणपतीच्या खोलीत दिवसरात्र समई असते. मी तिसरा पट्टा निवडला. पोस्टर कलर ओला असताना गडद दिसतो आणि सुकल्यावर उतरतो, म्हणून ते पट्टे आदल्या दिवशीच ओढून ठेवले होते, हे त्यांच्या सुनेने नंतर सांगितले. माझ्या एका शब्दासाठी त्यांनी चार रंग कालवले होते.

उणिवाही सांगायला हव्यात. जानव्याची गाठ डाव्या खांद्याखाली दिसावी, ही माझी मागणी वहीत असूनही राहून गेली होती. मूर्ती नेण्याच्या दिवशी मी ती दाखवली आणि मेस्त्रींनी तिथल्या तिथे दहा मिनिटांत करून दिली. पण इतक्या काटेकोर वहीनंतर अखेरची पडताळणी कोणी केली नव्हती, हे खरे. मुकुटाचा सोनेरी रंग बोटांना लागत होता. तो पाण्यात सुटणारा आहे आणि त्यावर आवरण नको असे मीच लिहून दिले होते, तरीही हात कुठे लावू नये हे कोणी आधी सांगायला हवे होते. पैशांची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. हरितालिकेच्या दिवशी, २६ ऑगस्टला, संध्याकाळी पाचला बोलावून आम्हाला मूर्ती रात्री सव्वानऊला मिळाली. लहान मुले घेऊन आलेल्या घरांचे त्या पडवीत फार हाल झाले. बसायला एकच बाकडे आहे आणि वाडीतल्या अरुंद रस्त्यावर गाड्या समोरासमोर अडकतात.

त्या उशिराचे कारण मात्र मी समोर बसून पाहिले. मेस्त्री सगळ्या मूर्तींची आखणी स्वतः करतात आणि ती शेवटच्या दोन दिवसांत करतात. आमच्या मूर्तीची पाळी आली तेव्हा त्यांनी वहीचे पान उघडून घेतले, पाट दोन फुटांच्या स्टुलावर ठेवायला लावला आणि स्वतः समोर जमिनीवर पाट घेऊन बसले. आमच्या घरी पूजेला बसणारा माणूस जिथे बसेल, तिथून त्यांनी मूर्तीकडे पाहिले. मग उठून, श्वास रोखून, वरच्या पापणीची रेषा एका दमात ओढली. पुन्हा खाली बसून पाहिले. डाव्या डोळ्याचे बुबुळ टेकवले, पुन्हा बसले, मग उजव्याचे. साठी उलटलेला तो माणूस आमच्या एका गणपतीसाठी पाच-सहा वेळा उठला आणि बसला. मी त्या वेळी एक शब्दही बोलले नाही. सांगायचे ते सगळे सांगून झाले होते.

घरी मूर्ती चौरंगावर ठेवली तेव्हा मुकुट आणि माटवी यांच्यामध्ये चार बोटे मोकळी राहिली. सासरे पूजेला बसले, त्यांनी वर पाहिले आणि काही क्षण तसेच राहिले. मग मला म्हणाले, "ह्यो बघता हा." गावातल्या दोन-तीन घरांनी फोटो काढून नेले, आणि ज्यांनी फोटो नेला त्यांना मी मूर्तिकाराचे नावही तोंडी सांगितले, कारण मूर्तीचे कौतुक होते आणि घडवणाऱ्याचे नाव विसरले जाते, हे मला बरे वाटत नाही. गौरींबरोबर २ सप्टेंबरला विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहाळावर गेले तेव्हा तळाशी फिकट मातीचा थर तेवढा दिसत होता.

ज्यांना ओळखीतून या शाळेपर्यंत पोहोचता येईल, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगते. पाट कोरडा आणि धुतलेला न्यावा. त्याच्या खालच्या बाजूला घराचे नाव खडूने नव्हे, तर ऑइल पेंटने लिहावे, कारण खडू पावसात पुसतो. चौरंगाची उंची, माटवीची उंची आणि खिडकीची दिशा लिहून न्यावी. रंगाचे नुसते नाव सांगण्यापेक्षा त्या रंगाची वस्तू न्यावी, कापडाचा तुकडाही चालतो. मूर्ती आणायला जाताना मोठे प्लास्टिक आणि मांडीवर पाट धरून बसणारा एक माणूस सोबत असावा. २०२६ साली अधिक महिना असल्याने आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला. आमचे पान मेस्त्रींच्या सुनेने वहीत तसेच ठेवले आहे. जानव्याच्या गाठीची ओळ तिने लाल शाईने पुन्हा लिहिली आहे आणि कौलाचा तो तुकडा, तिसऱ्या पट्ट्यावर आमच्या घराचे नाव घालून, फळीवर ठेवला आहे.